कौतुकाला कंजूष

तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलात, तर इंदुरीपाशी काच खाली करून बघा. सगळ्या हॉर्नच्या वर चढलेली एखादी शिट्टी ऐकू आली, तर खुशाल समजा, बास्केटबॉलचे सर मैदानावर आलेत.

असे सर महाराष्ट्रात जागोजाग असतात. डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी, गळ्यात शिट्टी आणि पुढे पोट. ते सोडून बाकी सगळ्यांचं पोट कमी करायचा त्यांचा निर्धार असतो. आयुष्य खेळाच्या नियमांवर चालतं. पालकांना बोलायला 24 सेकंद. तेवढ्यात मुद्दा आला नाही, तर बोलण्याचा ताबा सरांकडे. वडापावच्या गाडीपुढे पोरं 3 सेकंदांहून जास्त रेंगाळली, की शिट्टी. घरी मात्र शिट्टी दुसऱ्या हातात असते. तिथे 5 फाऊल भरले, की सर मुकाट्याने ओट्यावर.

कौतुकाच्या बाबतीत सर कमालीचे कंजूष. त्यांच्याकडचं सर्वोच्च पदक म्हणजे ‘बरंय’. तेही पाठ फिरवून.

त्यांच्या हाती नववीतली एक पोरगी लागली. उंची भरपूर, पण ‘हिला नवरा कुठून आणायचा’ हे ऐकून ऐकून खांदे पाडून चालणारी. चेंडू हातात आला, की चटका बसल्यासारखी दुसरीकडे ढकलायची.

“चेंडू काय शेजारणीकडून उसना आणलायस? ताठ उभी राहा. पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, ती काय वाकून झाली?”

फ्री थ्रो हुकला, की सरांचं गणित सुरू. “रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर. तुमच्या चेंडूचा 23. जवळजवळ दोन चेंडू शेजारी शेजारी बसतील अगं, आणि तुझा एक जात नाही?”

पहाटे सगळ्या पोरींना भंडारा डोंगराचा चढ पळत चढायचा. तुकोबा चिंतनाला बसायचे तो हा डोंगर. वाटेतले वारकरी पोरींना ‘माऊली’ म्हणून हात जोडतात. पोरी हरखून थांबल्या, की मागून सर, “माऊली, घड्याळ चालू आहे!” पावसाळ्यात मावळात छत्री टिकत नाही आणि शालेय स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास तोंडावर येतात. मग शाळेच्या व्हरांड्यात ड्रिब्लिंग. आतल्या वर्गात सनावळ्या सांगणारे गुरुजी त्याच ठेक्यावर शिकवायला लागलेत.

एकदा पोरीचे वडील आले. “सर, फार ओरडता तिच्यावर. बुजते ती.”

“दादा, मी ओरडतोय तोवर निर्धास्त राहा. ज्याचं काही होणार नाही, त्याला मी ‘छान’ म्हणतो.”

मागे उभ्या दोन पोरांचे चेहरे उतरले. त्यांना कालच ‘छान’ मिळालं होतं.

मग तालुक्याचा सामना. शेवटचं मिनिट, एका गुणाची पिछाडी, चेंडू पोरीकडे. सर बाकावर उभे राहून “मार! मार!” ओरडत होते. पोरगी ताठ मानेनं तेवढ्याच मोठ्यानं ओरडली, “सर, गप्प बसा जरा! ती मोकळी आहे!” आणि रिंगखालच्या मैत्रिणीला चेंडू दिला. बास्केट झाली. सर चक्क खाली बसले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी बसवलं नव्हतं; म्हणजे मैदानावर.

सामना संपल्यावर पोरगी घाबरत जवळ आली. “पास जरा खाली पडला,” सर म्हणाले, आणि पाठ फिरवून, “बरंय.” दुसऱ्या दिवशी ती कॅप्टन.

सरांची मात्रा सगळ्यांना लागू पडत नाही, हेही खरं. काही पोरं त्यांना कंटाळून क्रिकेटला पळाली, आणि तिकडे सुखात आहेत. ज्या पोराला दरडावण्याआधी धीर लागतो, ते या सरांना कळतच नाही. पण आपल्याला उलट उत्तर देणाऱ्या पोरीला कॅप्टन करायला छाती लागते, ती सरांकडे आहे.

तेव्हा तुमच्या लेकराला त्याचे सर रोज ‘छान, छान’ म्हणत असतील, तर पेढे वाटण्याआधी एकदा मैदानावर चक्कर मारून या.