अभ्यासाची सक्ती

जगभरातली शिक्षणखाती पिढ्यानपिढ्या ज्यापुढे हात टेकून बसली आहेत, ते काम ब्रिटनच्या गृहखात्यानं एका दुपारी उरकलं. विद्यार्थ्यानं घेतलेला अभ्यासक्रम पूर्ण केलाच पाहिजे, असा हुकूम निघाला. तारीख १७ जुलै २०२३, वार सोमवार, वेळ दुपारी तीन. विद्यार्थी व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर जाण्याचा अर्ज तीनला पाच कमी असताना धाडला तो होतकरू, महत्त्वाकांक्षी वगैरे. तीन वाजून पाच मिनिटांनी धाडला तो व्यवस्थेचा गैरफायदा घेणारा. वायफाय हळू असेल तर माणसाचं चारित्र्य बिघडतं ते असं.

तोवरची रीत सगळ्यांना ठाऊक होती. एक वर्षाच्या मास्टर्सला नाव घालायचं, फीचा पहिला हप्ता भरायचा, ‘कॅस’ नावाचं प्रवेशपत्र मिळवायचं. मग बापाच्या खात्यात ठरलेली रक्कम सलग २८ दिवस दाखवायची. महाराष्ट्रात एरवी मामाचे पैसे कुणाला दिसत नाहीत, पण या २८ दिवसांत ते भाच्याकडे मुक्कामाला येतात आणि एकोणतिसाव्या दिवशी सकाळच्या गाडीनं परततात. यानंतर पोरगं सप्टेंबरात विमानात बसतं. ओरिएंटेशनला टोपी घालून फोटो काढतं. आणि दिवाळीच्या आसपास कुणीतरी ‘सीओएस’ देणारा मालक गाठून कायमचा कामाला लागतं. सीओएस म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. ते कायद्यानं कामगाराला विकता येत नाही, म्हणून त्याचा दर लाखांत होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारनंच म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करना नोकरीच्या व्हिसाच्या यादीत बसवलं. त्याला पदवी लागत नव्हती. झालं! ज्यानं स्वतःच्या आजोबांना कधी उठून तांब्याभर पाणी दिलं नाही, तो डेटा सायन्सचं पहिलं प्रकरण उघडायच्या आत परक्या आजोबांना अंघोळ घालू लागला. यात हसण्यासारखं काही नाही. ते काम कष्टाचं आहे, आणि ते करायला त्या देशात माणसं मिळत नव्हती. हसू येतं ते इतकंच, की ज्यांनी दार बसवलं त्यांनीच पुढे ‘चोर चोर’ म्हणून आरोळी ठोकली.

आता आकड्यांकडे बघू, कारण विनोद खरा तिथेच आहे. २०१९ मध्ये ब्रिटिश सरकारनं धोरण जाहीर केलं: २०३० पर्यंत सहा लाख परदेशी विद्यार्थी आणायचे. विद्यापीठांनी मनावर घेतलं. स्थानिक पोरांची फी २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठलेली, तेव्हा बाहेरून येणाऱ्याकडून त्याच्या दुपटीनं घेतल्याशिवाय दिवे पेटायचे कसे? २०२०–२१ मध्येच आकडा सहा लाखांपलीकडे गेला. लक्ष्य जवळपास दहा वर्षं आधी पुरं! आपल्याकडे असं झालं असतं तर मंत्र्यांचे फ्लेक्स लागले असते. तिकडे काय झालं? मे २०२३ मध्ये आकडेवारी आली, की आदल्या वर्षात देशात येणाऱ्यांतून जाणारे वजा केले तर उरले ६ लाख ६ हजार. आणि संसदेत हलकल्लोळ. सहा लाख विद्यार्थी हे उद्दिष्ट, सहा लाख माणसं हे संकट. बरीचशी माणसं तीच होती, फक्त रजिस्टर वेगळं.

ती आकडेवारी यायच्या दोन दिवस आधीच गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी घोषणा केली होती: शिक्षण पुरं झाल्याशिवाय नोकरीचा व्हिसा नाही, आणि जानेवारी २०२४ पासून मास्टर्सवाल्यांना सोबत बायको, नवरा, मुलं आणता येणार नाहीत. ब्रेव्हरमनबाईंचे वडील मूळ गोव्याचे, केनियामार्गे ब्रिटनला पोचलेले. आई मॉरिशसची, ब्रिटनच्या आरोग्यसेवेनं परिचारिका म्हणून बोलावून घेतलेली. म्हणजे कामासाठी समुद्र ओलांडणं काय असतं, हे बाईंना पाळण्यातच कळलं असणार. लोकल पकडलेल्या माणसालाच आत जागा नसल्याचं आधी दिसतं, हे मुंबईकराला समजावायला नको.

नियम अगदीच निर्दय मात्र नाही. नोकरीची सुरुवात अभ्यासक्रम संपल्यानंतरची असेल तर अर्ज आधी करता येतो. साखरपुडा चालेल, लग्न परीक्षेनंतर. पीएचडीवाल्यांना तर २४ महिने भरले की मोकळीक आहे. दोन वर्षं गाईडच्या हाताखाली काढलेल्या माणसाला आणखी शिक्षा नको, इतकी माणुसकी गृहखात्यातही शिल्लक आहे.

पण या सगळ्यात ‘खरा विद्यार्थी’ शोधणाऱ्या खात्याचा स्वतःचा अभ्यास कितपत झाला होता? मार्च २०२४ मध्ये त्यांच्याच स्वतंत्र निरीक्षकाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात निघालं, की एका केअर होमच्या नावानं खात्यानं २७५ सीओएस मंजूर केली होती आणि ते केअर होम अस्तित्वातच नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीनं आपल्याकडे चार कर्मचारी आहेत असं सांगितलं होतं. तिला १,२३४ दिली. एक दोन तीन चार, ओळीनं. अंकगणित शिकवतानासुद्धा इतकी सोपी संख्या कुणी घेत नाही. तेव्हा धडा असा की विद्यार्थी खरा पाहिजे, त्यानं खरा प्रबंध लिहिला पाहिजे. केअर होमवर तशी सक्ती नाही.

आमचा संशय वेगळाच आहे. पोरगं शिकायला नव्हे तर कमवायला येतंय हे कुणाला माहीत नव्हतं? विद्यापीठाला होतं, डोई कमिशन घेणाऱ्या एजंटला होतं, घरावर कर्ज काढणाऱ्या बापाला होतं, आणि आठवड्याला वीस तास काम करण्याची मुभा व्हिसावरच छापणाऱ्या सरकारला तर होतंच. कुणाची तक्रारही नव्हती. बिघडलं तेव्हा, जेव्हा पोरं दुसरा हप्ता भरायच्या आत पसार व्हायला लागली. कमवायला या, हरकत नाही. आधी पूर्ण फी भरा आणि मग कबूल करा, एवढंच त्या दुपारच्या हुकमाचं म्हणणं.

बरं, भरली फी. घेतली पदवी. आता? २०२३ मध्ये नोकरीच्या व्हिसाला सर्वसाधारण पगार लागायचा २६,२०० पौंड. एप्रिल २०२४ मध्ये तो ३८,७०० झाला, जुलै २०२५ मध्ये ४१,७००. नवशिक्यांना सवलत म्हणून ३३,४००. त्याच जुलैत परदेशातून केअर वर्कर आणणंही बंद. पदवीनंतर नोकरी शोधायला दोन वर्षं मिळायची, ती १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड होणार. पोरांनी अभ्यास पूर्ण करेपर्यंत सरकार हातावर हात ठेवून बसलं नव्हतं, तेही प्रगती करत होतं.

पुण्यात डेक्कनवर कुठल्याही कन्सल्टन्सीत जाऊन बसा, या इतिहासाचं सार तिथे चहासोबत मिळतं. २०२२ मध्ये खुर्चीतला तरुण म्हणायचा, “काका, डिग्रीचं नंतर बघू, एकदा पोरगं तिकडं पोचू द्या.” २०२३ च्या ऑगस्टात तोच तरुण आवाज खाली आणून म्हणाला, “काका, आता डिग्रीपण करावी लागते.” काकांना धक्का बसणं साहजिक होतं. इतके पैसे भरून वर अभ्यास?

हल्ली त्याच्यामागच्या भिंतीवरचा बिग बेन उतरलाय आणि बर्लिनचं ब्रँडनबुर्ग गेट आलंय. “काका, सरकारी विद्यापीठात जवळपास फीच नाही. फक्त वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो तिकडच्या खात्यात अडकवून ठेवायचे, दर महिन्याला थोडे थोडे सुटतात.”

काका मनातल्या मनात मामाला फोन लावतात. सलग वर्षभर मामा तयार होईल का, याचा हिशेब चालू असतानाच त्यांना मुख्य शंका आठवते.

“तिथं जर्मन शिकावं लागतं म्हणे?”

“नंतर बघू हो काका.”