आवाजाचं वकीलपत्र

लग्नाच्या व्हिडिओत भटजींचं ‘सावधान’ कानावर पडायच्या आतच अक्षता उडाल्या, की दिवाणखान्यात एकमताने निकाल लागतो: आवाज मागे पडलाय. चित्र पुढे पळालंय, असं कोणी म्हणत नाही. व्हिडिओ प्लेअर बनवणाऱ्यांनीही हा निकाल कायम केला आहे. व्हीएलसीत के आणि जे या कळा दाबून दर खेपेला ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकवता येतो तो आवाजच. चित्र मांडी ठोकून बसलेलं, आणि उठबस करायची ती आवाजाने! लग्नातही तेच. ड्रोन, क्रेन, दिव्यांचे खांब, सगळा थाट चित्राचा. आवाजाच्या वाट्याला मांडवाचा कोपरा आणि ‘माईक चेक’. तेव्हा या गरिबाचं वकीलपत्र कोणीतरी घ्यायलाच हवं. शिवाय पुरावा त्याच्याच बाजूचा आहे.

पहिला पुरावा घड्याळाचा. व्हिडिओतला आवाज बहुधा सेकंदाला ४८,००० नमुने या हिशेबाने नोंदला जातो आणि ही मोजणी स्फटिकाच्या ठोक्यावर चालते. माणूस हळू बोलो की भरभर, उजेड असो की अंधार, मोजणी ढळत नाही. फोनमधलं चित्र मात्र लहरी. नावाला सेकंदाला ३० फ्रेम. पण मांडवातला उजेड कमी झाला की फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि फ्रेमची संख्या खाली येते. फोन तापला तरी तीच गत. फोनवर हे उघडकीला येत नाही, कारण प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते आणि प्लेअर ती वाचून चालतो. फाईल एडिटिंगला गेली की लफडं बाहेर पडतं. तिथलं सॉफ्टवेअर पुष्कळदा ‘३० म्हणजे ३०’ असं धरून फ्रेम एकामागोमाग मांडत सुटतं. सरासरी प्रत्यक्षात २९ भरली असेल, तर तासाभराचं चित्र ५८ मिनिटांत संपतं. आवाज तासभर वाजतो, कारण लग्न तासभरच चाललेलं असतं. खरं बोलणारा एकटा पडतो आणि उशिरा आल्याचा ठपकाही त्याच्यावरच येतो.

इतिहासही आवाजाच्याच बाजूने साक्ष देतो. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीचं प्रमाण ठरलं, तेव्हा रंगाची नवी लहर आणि आवाजाची जुनी लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर नक्षी उमटण्याची भीती होती. दोघांपैकी एकाला सरकणं भाग होतं. आवाजाची लहर हलवली असती, तर घरोघरचे जुने संच अडचणीत आले असते. म्हणून आवाज होता तिथेच राहिला आणि चित्राचा वेग सेकंदाला ३० वरून २९.९७ फ्रेमवर आला. आजही २९.९७ ची फाईल कोणी ३० समजून चालवली, तर तासाला ३.६ सेकंदांची फारकत होते, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या या तडजोडीबद्दल आजच्या आवाजाला बोल लावला जातो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, दोष कोणाचा का असेना, आवाज सरकवणं सोपं आहे, सरकवा आणि मोकळे व्हा. साहेब हलत नाहीत म्हणून कारकुनाची बदली करण्याइतकं ते सोपं आहे, हे मान्य. पण आधी मोजा तर खरं. दुसऱ्या मिनिटाला किती फरक आहे आणि पन्नासाव्या मिनिटाला किती? दोन्हीकडे सारखाच असेल, तर सुरुवातच चुकीच्या ठिकाणी जुळवली गेली आहे. तिथे खुशाल सरकवा. फरक वाढत गेला असेल, तर सरकवण्याने काही साधत नाही. सप्तपदीपाशी जुळवलं तर मंगलाष्टकं बिघडतात, मंगलाष्टकं जुळवली तर सप्तपदी. तरीही हौशी मंडळी आवाजाचे तुकडे पाडून दर पाच मिनिटांनी एकेक ढकलत बसतात, आणि या उद्योगाला एडिटिंग म्हणतात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज खरोखरच उशिरा येतो, कधी १०० तर कधी २०० मिलिसेकंदांनी. कबूल. पण इथेही शिक्षा सौम्य हवी, कारण उशिरा येणाऱ्या आवाजाला निसर्गानेच माफी दिलेली आहे. मिरवणुकीत शंभर मीटरवरच्या ढोलावर टिपरू पडलेलं आधी दिसतं आणि ठोका सुमारे ०.३ सेकंदाने ऐकू येतो. म्हणून पथक बेताल आहे अशी तक्रार कोणी करत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीतले आकडेही हेच सांगतात: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला खटकू लागतो, उशिरा आला तर १२५ पर्यंत चालून जातो. आणि आधी येण्याची वेळ त्याच्यावर बहुधा चित्रामुळेच येते. मोठा टीव्ही चित्राला रंगरंगोटी करत बसतो, आणि बाहेरच्या स्पीकरला जोडलेला आवाज तोवर येऊन पोचलेला असतो. नवरी सजून बाहेर येईपर्यंत वऱ्हाडाला थांबवून धरावं, तसा मग आवाज थांबवून धरावा लागतो. त्या सेटिंगचं नाव पुन्हा ‘ऑडिओ डिले’च.

वाढत्या फरकावरचा खरा उपाय चित्राला शिस्त लावण्याचा आहे. मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडायची. फ्रेम रेटपुढे ‘व्हेरिएबल’ दिसलं, की एडिटिंगला हात लावण्याआधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून ती नव्याने बनवून घ्यायची. जिथे फ्रेम कमी पडल्या होत्या, तिथे आधीचीच फ्रेम पुन्हा लावून सेकंद भरला जातो. आवाजाची वेळ एका मिलिसेकंदानेही बदललेली नसते. मग ‘सावधान’ म्हटल्यावरच अक्षता उडतात, आणि दिवाणखान्यातली मंडळी समाधानाने म्हणतात, चला, आवाज एकदाचा सुधारला.