माथेरानचा निरोप

माथेरानचा निरोप हॉटेलची खोली सोडण्याच्या वेळी सुरू होतो आणि नेरळला लोकलमध्ये चौथी सीट मिळाली की संपतो. मधल्या काळात पर्यटकाला स्वतःच्या सामानाचे खरे वजन कळते. गावात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे बॅग दस्तुरी नाक्यापर्यंत हमालाच्या डोक्यावरून, घोड्याच्या पाठीवरून, नाहीतर मालकाच्याच हातातून जाते. चाकांची बॅग आणणारा विशेष दयेस पात्र. जांभ्याच्या तांबड्या वाटेवर ती चाके पहिल्या वळणापर्यंतच उत्साह दाखवतात.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये हा डोंगर चढून आले, उतरून गेले आणि पुन्हा येऊन इथे घर बांधून बसले. माथेरानचा निरोप न जमल्याचे हे पहिले उदाहरण. पुढे साहेबलोकांनी कड्यांना लुईझा, अलेक्झांडर अशी नावे दिली. निघायच्या दिवशीच कुटुंबप्रमुखाला त्यांपैकी न पाहिलेले पॉइंट आठवतात. घोडेवाला ते सगळे तासाभरात दाखवायला तयार असतो. घोड्याला कोणी विचारत नाही.

चिक्की मुंबईत घराखालच्या दुकानातही मिळते. तरीही ऑफिस, शेजारी आणि वॉचमन धरून चार किलो घेतली जाते. ती बाजारातून स्टेशनापर्यंत नेणे हे कसब आहे, कारण पिशवीचा खुळखुळाट माकडांना ऐकू येतो. पिशवी पोटाशी धरावी आणि वर बघू नये, असा स्थानिकांचा सल्ला असतो. वर बघितले जातेच.

परतीला आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेली, १९०७ पासूनची छोटी गाडी मिळाली तर उत्तम. रुळांमधले अंतर दोन फूट, नेरळपर्यंतची वाट सुमारे २१ किलोमीटर आणि वेग असा की निरोप द्यायला आलेला माणूस गप्पा मारत बरोबर चालू शकतो. वाटेतल्या बोगद्याचे नाव ‘वन किस’. अंधार तेवढाच टिकतो म्हणून. सहकुटुंब प्रवासात नेमक्या तेवढ्या वेळात आजी विचारतात, “चिक्की कोणाकडे आहे रे?” पावसाळ्यात ही गाडी नेरळपर्यंत जात नाही. तेव्हा दस्तुरीवरून टॅक्सी, आणि मांडीवर बॅग.

तांबडी माती घरी पोचल्यावरही मोज्यांतून निघत राहते. माथेरानला पांढरे बूट घालून जाऊ नये.