काटाबाबूंचा ट्रक

सिनेमाचे वेडे दोन जातींचे. पहिल्या जातीचा माणूस शंभर सिनेमे एकेकदा पाहतो, दुसऱ्या जातीचा एकच सिनेमा शंभरदा. पहिल्याला पुण्या-मुंबईत मान असतो, महोत्सवाचं ओळखपत्र गळ्यात घालून तो मिरवू शकतो. दुसऱ्याला काहीच मिळत नाही, त्यामुळे तो कुठेही राहू शकतो. चंद्रपुरात तो तुकूमला राहतो. पुढच्या खोलीच्या खिडक्यांना त्याने दुहेरी काळे पडदे लावलेले असतात. शेजाऱ्यांना त्याचा संशयही येत नाही, कारण जिथे मे महिन्यात पारा 48 ला टेकतो तिथे काळा पडदा हे शहाणपणाचं लक्षण समजतात.

तुकूमच्या या माणसाला गल्लीत काटाबाबू म्हणतात. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, खाणीत वजनकाट्यावर नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. ट्रक रिकामा आला की त्याचं वजन, ते टेअर; तोच ट्रक कोळसा भरून आला की पुन्हा वजन, ते ग्रॉस; वजाबाकी, ते नेट; चिठ्ठी, पुढचा ट्रक. गाडी तीच, नंबर तोच, तरी दर खेपेला वजन वेगळं, हे ज्याने उभ्या नोकरीत पाहिलं, त्याला निवृत्तीनंतर बागकाम कसं रुचावं? त्यांनी एक सिनेमा धरला आणि त्याच्या जितक्या म्हणून आवृत्त्या घरबसल्या पाहण्यासाठी निघाल्या, त्या सगळ्या काट्यावर चढवायला सुरुवात केली.

सिनेमाही ट्रकचाच निवडला. स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ड्युएल'. एक सेल्समन लाल प्लिमथ गाडीतून कॅलिफोर्नियाच्या उजाड रस्त्याने चाललेला असतो. वाटेत एका मळक्या टँकरला तो ओव्हरटेक करतो. बस्स, एवढंच. मग तो टँकर दिवसभर त्याची पाठ सोडत नाही. ड्रायव्हरचा हात दिसतो, बूट दिसतात, चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. कथा रिचर्ड मॅथेसनची. स्पीलबर्ग तेव्हा अवघा 24 वर्षांचा होता, आणि अमेरिकेत हा चित्रपट 13 नोव्हेंबर 1971 ला टीव्हीवर दाखवला गेला.

ही गोष्ट जगभर थरारपट म्हणून ओळखली जाते. चंद्रपुरात तसं होत नाही. काटाबाबूंनी ज्याला ज्याला ती सांगितली, त्याने त्याने एकच विचारलं, "याले पिच्चर कायले म्हणता जी? घुग्घुस रोडवर हे रोजचंच हाय." आलापल्लीहून आलेल्या एका पाहुण्यांनी तर ट्रक एकच आहे हे ऐकून निःश्वास सोडला. सूरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या गाड्यांची रांग ज्यांच्या दारावरून जाते, त्यांना एकट्या ट्रकची भीती ती काय वाटणार?

काटाबाबू अशा वेळी डोळे मिटून घेतात. "गोष्ट नोका पाहू," ते म्हणतात, "फ्रेम पाहा."

मग ती जाडजूड वही निघते. वहीचे रकाने काट्यावरच्या रजिस्टरसारखेच आखलेले. पहिली नोंद व्हीएचएस कॅसेटची. ती कॅसेट काटाबाबूंकडे अजून आहे, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरली आणि आता ती लावली की टँकर धुक्यातून येतो. दुसरी नोंद नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेल्या व्हीसीडीची. दोन चकत्या, 352 गुणिले 288 ठिपक्यांचं चित्र, आणि वेष्टनावर भलत्याच सिनेमातल्या भलत्याच बाईचा फोटो. बाई अख्ख्या सिनेमात कुठेच सापडली नाही, हेही शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं आहे. पहिली चकती संपते ती ऐन पाठलागात. 2007 साली मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी विकायला काढली, तेव्हा गोल बाजारात सगळं गाव पिशव्या भरून सिनेमे नेत होतं. काटाबाबूंनी ढीग उपसला, आपला ट्रक त्यात नाही म्हणून खात्री करून घेतली आणि समाधानाने घरी आले. एवढ्या स्वस्तात मिळाला असता तर त्यांना वाईटच वाटलं असतं.

तिसऱ्या नोंदीपासून शास्त्र सुरू होतं. 'ड्युएल' मुळात किती मिनिटांचा, असं त्यांना चुकूनही विचारू नये. टीव्हीसाठी केला तेव्हा 74 मिनिटांचा. परदेशातल्या थिएटरांना एवढ्यात भागेना, म्हणून शाळेची बस, रेल्वे फाटक, बायकोला केलेला फोन असे प्रसंग नंतर चित्रित करून जोडले आणि तो 90 मिनिटांचा झाला. "म्हणजे टेअर 74, ग्रॉस 90," काटाबाबू सांगतात. ऐकणारा मान हलवून उठू लागला की ते त्याचा हात धरतात. "बसा. आता पाल पद्धत सांगतो."

सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी धावतो. भारतात आणि बऱ्याचशा युरोपात टीव्हीची जी पाल पद्धत चाले, ती सेकंदाला 25 मागते. मग सोपा उपाय म्हणून अख्खा सिनेमाच चार टक्के जोरात पळवत. 90 मिनिटांचा ऐवज 86 मिनिटांत आटोपतो आणि माणसांचे आवाज किंचित चिरके होतात. सामान्य माणसाला यातलं काही कळत नाही. काटाबाबूंना मात्र यात सरळसरळ गुन्हा दिसतो. "अमेरिकन डिस्कवर ट्रक ताशी साठ मैल पळत असंन," ते हिशोब मांडतात, "तर आपल्या डिस्कवर तो साडेबासष्टनं पळते. त्या बिचाऱ्या सेल्समनचं काय होत असंन, सांगा!" सेल्समनची गाडीही तेवढीच जोरात पळते, हे सांगायला गेलेल्या एका शाळामास्तरांना त्या घरी पुन्हा चहा मिळालेला नाही.

पुढचं प्रकरण चौकटीचं. 2004 च्या डीव्हीडीवर चित्र जुन्या टीव्हीसारखं, जवळजवळ चौकोनी. 2014 च्या ब्लू-रेवर तेच थिएटरच्या मापाचं, रुंद. काटाबाबूंनी त्यासाठी भिंतभर टीव्ही घेतला. पहिल्याच रात्री त्यांच्या लक्षात आलं की टीव्ही मोठा झाला, पण वरचं थोडं आभाळ आणि खालचा थोडा रस्ता गेला. ते स्टूल घेऊन पडद्यासमोर बसले, पट्टीने मोजलं आणि वहीत लिहिलं : 'वरून आभाळ कमी. खालून डांबर कमी. किंमत जास्त.' खाणीत अशी घट आली असती तर चौकशी बसली असती, एवढंच ते बायकोला, म्हणजे गल्लीच्या काकूंना, म्हणाले.

ब्लू-रेचं चित्र साफसूफ केलेलं, हा तर आणखीच गहन प्रश्न. साफ केली ती धूळ ट्रकची की फिल्मची? कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावरची धूळ हा कलेचा भाग; फिल्मवर बसलेली धूळ हा दोष. एकीला हात लावायचा नाही, दुसरी पुसायची. हा न्याय अमेरिकेत बसून करणं सोपं आहे. चंद्रपुरात डिस्कवर तिसरी धूळ असते आणि टीव्हीच्या काचेवर चौथी, ती औष्णिक केंद्राकडून वारा आला की दुपारपर्यंत बसते. काटाबाबू भिंग घेऊन एका काळ्या डागाचा अभ्यास करत होते. तो डाग सगळ्या आवृत्त्यांत अगदी त्याच जागी होता, म्हणजे मूळ निगेटिव्हमधलाच, असा निष्कर्ष वहीत उतरणार इतक्यात काकूंनी ओलं फडकं फिरवलं आणि डाग गेला.

काकूंचं या प्रकरणातलं स्थान नीट सांगायला हवं, कारण त्या घरात सिनेमा बघणाऱ्या त्या एकट्याच आहेत. सुरुवातीलाच पेट्रोल पंपावरचा माणूस सेल्समनला सांगतो की गाडीची रेडिएटरची नळी बदलून घ्या. हा नको म्हणतो. शेवटी घाटाच्या चढावर ऐन वेळी तीच नळी फुटते. काकू हे व्हीएचएसच्या काळापासून पाहत आल्या आहेत. नवी आवृत्ती घरात आली की स्वयंपाकघरातून त्यांचा पहिला प्रश्न येतो, "या डब्ब्यात तरी बदलली का जी त्यानं नळी?" नाही म्हटलं की म्हणतात, "मंग एवढे पैसे कायले घातले?"

पैशाचा मुद्दा नाजूक आहे. इतरांचे भाचे न्यू जर्सीहून येताना बदाम आणतात, काटाबाबूंचा भाचा डिस्क आणतो. डीव्हीडीवर प्रांताचा आकडा असतो, भारताचा पाच आणि अमेरिकेचा एक, त्यामुळे मामासाठी आणलेली भेट मामाच्या यंत्रात चालत नाही. मग सगळे प्रांत चालवणारं यंत्र शोधणं आलं, ते नीट करणारा कारागीर शोधणं आलं. 2023 ला फोर-के डिस्क निघाली तेव्हा भाच्याने फोनवर दबकत विचारलं, "मामा, सिनेमा तोच आहे ना?" मामा बराच वेळ बोलले नाहीत. त्या डिस्कवर थिएटरची आणि टीव्हीची अशा दोन्ही आवृत्त्या आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्याने असं विचारलंच नसतं, असं मामांना अजूनही वाटतं.

त्यांना कोणी म्हणतं, एवढी हौस आहे तर 'शोले' घ्या. तिथेही दोन शेवट आहेत, एकात ठाकूर गब्बरला संपवतो, दुसऱ्यात पोलीस मध्ये पडतात. काटाबाबू हात झटकतात. "शोलेवाले नागपुरात ढीगभर पडले हायेत. आपल्या जिल्ह्यात ड्युएल पाहणारा मी एकटा." हे खरं आहे, आणि या अभिमानातच सगळं मर्म आहे. असल्या माणसाला दुसरा जाणकार भेटावा असं वाटतं, आणि भेटू नये असंही वाटतं.

ही सवय घरापुरती राहिली असती तरी चाललं असतं. पण दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू झाला की वडशाच्या मंडळींची नाटकं गावोगावच्या मंडपात रात्रभर रंगतात, आणि काटाबाबू घड्याळ घेऊन तिथेही जातात. पहाटे लोक डोळे पुसत उठतात, मायमाऊल्या अजून हुंदके देत असतात, आणि हे नटाला गाठून सांगतात, "मागच्या महिन्यात सिंदेवाहीकडे पाहिलं तवा तुमचं मरण अकरा मिनिटं होतं. आज सातच मिनिटांत आटोपलं." नट चेहऱ्यावरचा रंग पुसत म्हणाला, "बाबा, आज थंडी लय होती." काटाबाबूंनी वहीत लिहिलं : 'हवामानामुळे काटछाट.'

त्यांच्या या सगळ्या विद्येची परीक्षा झाली ती एका उन्हाळ्यात, आणि घेतली एका टँकरवाल्याने. नळ कोरडे पडले होते, गल्लीत पाण्याचा टँकर आला होता. ड्रायव्हर दमलेला दिसला म्हणून काकूंनी त्याला आत बोलावून ताक दिलं. बाहेर भगभगतं ऊन आणि आत काळे पडदे, कूलर, भिंतभर पडदा आणि पडद्यावर टँकर. तो ग्लास हातात घेऊन तिथेच टेकला. काटाबाबूंना असा आयता श्रोता मिळत नाही. त्यांनी त्याला टेलिफोन बूथच्या काचेत चुकून उमटलेलं स्पीलबर्गचं प्रतिबिंब दाखवलं, एका वाहिनीचा मूळ आवाज आणि नंतरचा पाच दिशांनी येणारा आवाज आळीपाळीने ऐकवला, आभाळ किती गेलं आणि डांबर किती गेलं ते सांगितलं. ड्रायव्हर एका शब्दाने बोलला नाही. घाटाचा चढ आला, नळी फुटली, शेवटी टँकर कड्यावरून खाली कोसळला.

"खाली गाडी हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"काय?"

"टँकरमंदी काईच नाही जी. भरली गाडी या चढावर अशी चढत नाही. आन् अर्धी भरली असती तर वळणावर मागचा माल असा हेलकावला असता का ड्रायव्हरले मैतरावाणी मागून ढकलला असता. त्याच्या मागं लिवलं हाय ना, जळते म्हणून? मंग पडल्यावर जळला काहून नाही?"

टँकरवर 'ज्वालाग्राही' हा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत आहे. तो पडतो, मोडतो, गुरगुरल्यासारखा आवाज करतो, पण पेटत नाही. काटाबाबूंनी हे सगळ्या आवृत्त्यांत पाहिलं होतं. धूळ मोजली होती, आभाळ मोजलं होतं, वेग दशांशापर्यंत काढला होता. ट्रकमध्ये माल किती, हा प्रश्न मात्र जन्मभर ट्रकांची वजनं केलेल्या या माणसाला एकदाही सुचला नव्हता.

ते सावकाश उठले. वहीचं नवं पान काढलं, पट्टी धरून तीन रकाने आखले, ग्रॉस, टेअर आणि नेट, आणि रिमोट हातात घेऊन ड्रायव्हरशेजारी येऊन बसले. आता सगळ्या आवृत्त्या पुन्हा पाहणं आलं, टायर किती दबतात ते बघणं आलं, आणि हे काम जाणकाराशिवाय होणारं नव्हतं. बाहेर गल्लीत ड्रम आणि बादल्यांची रांग वाढत चालली होती, बायकांचे आवाज चढत होते, कोणीतरी टँकरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली होती.

ड्रायव्हरने दाराकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं आणि ताकाचा ग्लास खाली ठेवला.

"काका, तो 74 मिनिटवाला लावा," तो म्हणाला. "बाहेर लोकं पाण्यासाठी उभे हायेत."