चारशेसातचं इंजिन

जुन्या टेम्पोचं इंजिन ऑइल खायला लागलं की मालकाच्या घरात दोन पक्ष पडतात. नारायणगावला आमच्या मामांच्या घरीही पडले. मामांचा पक्ष डिझेलचा: बोअर करू, पिस्टन-रिंगा नव्या टाकू, पंप-नोझल तपासून आणू, की गाडी पुन्हा पळायला मोकळी. मामेभावाचा पक्ष सीएनजीचा. त्याचा हिशेब मोबाईलवर तयार असतो. मामांकडे हिशेब नसतो, अनुभव असतो. आणि अनुभवाची उलटतपासणी घेता येत नाही.

गाडी टाटाची चारशेसात, काम टोमॅटो वाशीच्या बाजारात नेण्याचं. 1986 साली हे मॉडेल आलं तेव्हा डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा आणि ऑल्विन निसान अशा चार जपानी जोड्या हलक्या ट्रकच्या मैदानात होत्या. त्या सगळ्यांना ही एकटी पुरून उरली, असं मामा सांगतात. तेही अशा थाटात, की आराखडा यांनीच काढून दिला असावा. आयशर आणि स्वराज पुढेही रस्त्यावर दिसत राहिल्या, एवढा तपशील ते गाळतात.

सीएनजीवर जाण्यातली खरी अडचण इंजिनाच्या स्वभावात आहे. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती तापते आणि त्यात उडालेला डिझेलचा फवारा आपसूक पेटतो. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला हे चालवून दाखवलं. गॅस मात्र असा पेटत नाही, त्याला प्लग हवा. म्हणजे हेड उतरवून प्लगला जागा करा, दाब कमी करायला पिस्टन बदला, पंप-नोझल काढून टाका आणि शेवटी आरटीओत जाऊन आरसीवर इंधन बदलून घ्या. पेट्रोल गाडीला किट बसवण्याइतकं हे सोपं नाही. मामेभावाच्या मोबाईलमध्ये हे सारं ‘इतर खर्च’ या एका ओळीत मावलं आहे.

त्याचंही अगदीच चूक नाही. किलोभर गॅसमध्ये लिटरभर डिझेलपेक्षा जास्त ऊर्जा असते. धूर तर कितीतरी कमी. आणि मामांची गाडी सकाळी सुरू झाली की शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे आत घेतात, हे मी पाहिलेलं आहे. पण गॅस 200 बार दाबाने भरायचा म्हणून सिलिंडर जाड पोलादाचे. ते वजन हौद्यातल्या मालातून वजा होतं, आणि दर तीन वर्षांनी त्यांची चाचणी करून घ्यावी लागते ती वेगळीच. शिवाय पंपावरची रांग. रांगेत माणूस थांबतो, टोमॅटो थांबत नाही.

मामांचा हुकमी एक्का म्हणजे माळशेज. “घाटात गॅस दम टाकतो रे!” मी एकदा हळूच म्हणालो, “मामा, भरलेली गाडी वाशीला जाताना घाट उतरते. चढते ती रिकामी कॅरेट घेऊन.” मामांनी चहाचा घोट घेतला. “आणि येताना भाडं मिळालं तर?” त्या न मिळालेल्या भाड्यासाठी ते आयुष्यभर ताकदीचं इंजिन बाळगून आहेत. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मिळालं तर मला आधी सांगा.”

माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी देतो. रोज शहरातल्या शहरात फिरायचं असेल आणि पंप जवळ असेल, तर कंपनीतूनच सीएनजीवर आलेली गाडी घ्यावी. जुन्या डिझेलचं पोट फाडून तिला गॅसवर आणू नये. लांबचा पल्ला असेल आणि चासी, हौदा, गिअरबॉक्स धड असतील, तर आहे ते इंजिन चांगल्या मेस्त्रीकडून बांधून घ्यावं. पण चासी गंजलेली असेल तर दोन्ही पक्षांनी गप्प बसावं आणि गाडी भंगारात द्यावी. मामांच्या चासीखाली अजून कुणी वाकून पाहिलेलं नाही. तेवढं आधी करा.