‘कन्फर्म’ म्हणालात, मग पुढे काय झालं?

टेकगुरू महोदय,

पुढच्या वर्षीचा फोन कसा दिसणार हे तुम्हाला गेल्याच वर्षी ठाऊक होतं. कव्हर बनवणाऱ्याकडून फुटलेलं मापाचं चित्र, बीटा आवृत्तीच्या कोडमध्ये सापडलेली एखादी ओळ, प्रमाणपत्रांच्या यादीतला मॉडेल क्रमांक, एवढ्या भांडवलावर तुम्ही लाल अक्षरांत ‘कन्फर्म’ लिहून मोकळे होता. या खुणांना अर्थ असतो, हे मलाही मान्य आहे. कव्हरवाल्यांना मापं आधी लागतातच, आणि आपल्याकडे नोंदणीशिवाय फोन विकता येत नाही. पण मॉडेल क्रमांकावरून तुम्ही किंमत कशी काढलीत? विक्रीची तारीख कुठून आणलीत? कंपन्या कित्येक गोष्टी करून बघतात आणि त्यातल्या बऱ्याच टाकून देतात. टाकून दिलेल्या वस्तूचं नाव तुम्ही पुन्हा कधीच काढत नाही, हा माझा तुमच्यावरचा आरोप आहे. अंदाज कुणाचाही चुकेल. चुकलेला व्हिडिओ तसाच ठेवून त्याच्या जाहिरातींचे पैसे खात राहायला मात्र निगरगट्टपणा लागतो.

ॲपलची ‘एअरपॉवर’ आठवते? तीन उपकरणं एकत्र चार्ज करणारी चटई कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये स्वतः जाहीर केली. जानेवारी २०१९ मध्ये उत्पादन सुरू झाल्याच्या बातम्या फिरल्या. २९ मार्च २०१९ ला कंपनीने प्रकल्प रद्द केला. नव्या एअरपॉड्सच्या खोक्यावर त्या चटईचं चित्र छापून झालं होतं, तरीही. बनवणाऱ्यालाच खात्री नव्हती, तिथे तुम्ही कोणाच्या जोरावर खात्री देत होतात?

आणि ‘फ्रीडम २५१’. फेब्रुवारी २०१६, नोएडाची ‘रिंगिंग बेल्स’, अडीचशे रुपयांत स्मार्टफोन. पत्रकारांच्या हाती दिलेल्या नमुन्यांवर ‘ॲडकॉम’ या दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाने झाकलेलं होतं. नखाने खरवडलं असतं तरी सत्य दिसलं असतं, आणि काहींनी ते शोधलंही. एवढ्या पैशांत नुसता पडदासुद्धा येत नाही, हे सांगायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. तुम्ही मात्र ‘बुकिंग कसं करायचं’ हे शिकवलंत. पुढच्या वर्षी कंपनीच्या संचालकाला अटक झाली, तेव्हा तुम्ही दुसऱ्याच फोनच्या मागे लागला होतात.

अफवेपर्यंतच थांबला असतात तर मी पत्र लिहिलं नसतं. तुम्ही उपायही सांगता, आणि ते लोक करतात. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘नव्या आयओएसमुळे आयफोन मायक्रोवेव्हमध्ये चार्ज होतो’ अशी हुबेहूब जाहिरातीसारखी थाप पसरवली गेली. २०१६ मध्ये आयफोन ७ ला हेडफोनचं छिद्र नाही म्हणून ड्रिलने पाडून दाखवणारा व्हिडिओ लाखोंनी पाहिला. त्याच वर्षी ॲपलचे क्रेग फेडेरिगी यांनी एका ग्राहकाला स्पष्ट कळवलं, की ॲप एकेक करून बंद केल्याने बॅटरी वाचत नाही. इतक्या वर्षांनंतरही तुमच्या ‘दहा टिप्स’मध्ये पहिली टिप तीच असते.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरांचं तुम्ही जे करता, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ‘परमिशन डिनाइड’ आलं की ‘सीएचमॉड ७७७’. सर्टिफिकेटची एरर आली की तपासणीच बंद. गिटने पुश नाकारला की ‘फोर्स’. एरर म्हणजे मशीनने दिलेली माहिती असते. ती वाचायला शिकवणं हे तुमचं काम होतं, तुम्ही तिचं तोंड दाबायला शिकवलंत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने मामाच्या दुकानाची वेबसाइट स्वतः उभी केली होती. फोटो अपलोड होईनात, म्हणून तुमच्यासारख्याच एकाचा व्हिडिओ बघून त्याने सगळ्या फोल्डरला ७७७ देऊन टाकलं. लिनक्समध्ये परवानगीच्या प्रत्येक आकड्यात वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, अशी बेरीज असते. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. तिसरा ७ म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही खात्याला तिथे लिहायला मोकळीक. कुणीतरी तिथे आपली फाइल ठेवली आणि दुकानाच्या नावाने जुगाराची पानं दिसू लागली. मामाने त्याला पुन्हा कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. पोरगा हुशार आहे, आणि तुमच्यापेक्षा प्रामाणिकही.

ज्याच्याकडून शिकावं असा माणूस सांगतो. प्रोग्रॅमर आंद्रेआस लुंडब्लाड यांनी २०१० मध्ये बाइट्सचा आकडा माणसाला वाचता येईल असा दाखवणारा जावाचा छोटा तुकडा एका प्रश्नाच्या उत्तरात लिहिला. पुढे संशोधकांनी शोधलं, तेव्हा तो गिटहबवर हजारो ठिकाणी जसाच्या तसा सापडला. त्यात चूक होती. ९,९९,९९९ बाइट्स दिले की ‘१.० एमबी’ऐवजी ‘१०००.० केबी’ छापायचा. डिसेंबर २०१९ मध्ये लुंडब्लाड यांनीच लेख लिहून ती चूक जगापुढे मांडली आणि दुरुस्त कोड दिला. कोर्टाने बोलावलं नव्हतं, ग्राहक मंचाने नोटीस धाडली नव्हती. आपलं लिहिलेलं लोक वापरतात, एवढं कारण त्यांना पुरलं. तुमचंही लोक वापरतात.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक ‘कन्फर्म’ व्हिडिओखाली, फोन आल्यावर, काय खरं ठरलं आणि काय खोटं ते पिन करून ठेवा. न आलेल्या फोनचीही नोंद करा. टिप देण्याआधी ती स्वतःच्या मशीनवर चालवा, आणि कुठल्या आवृत्तीवर चालवली ते सांगा. आज्ञा नेमकं काय करते हे समजावता येत नसेल, तर ती देऊ नका.

सुरुवात ७७७ च्या व्हिडिओपासून करा. मजकूर मी देतो, तसाच चिकटवा: ‘या व्हिडिओतली आज्ञा चालवू नका. चालवली असेल तर आधी अनोळखी फाइल शोधून काढा आणि पासवर्ड बदला. मग एरर कुठल्या फोल्डरची आहे ते वाचा. सर्व्हर कुठल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो ते बघा. फक्त अपलोडच्या फोल्डरची मालकी त्याला द्या. बाकी फोल्डरना ७५५, फाइलना ६४४.’

वाट पाहतो आहे.
एक शिक्षक