एक गोळी कमी

(पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीचा दुसरा मजला. प्रवासी पृथ्वीप्रदक्षिणा आटोपून नुकताच परतला आहे. बॅगा जिन्यातच. शेजारी बनियनवर दार उघडतो. प्रत्येक सोसायटीत असा एक जण असतोच, ज्याच्याकडे घराघरांच्या किल्ल्या, पंचांग आणि मत कायम तयार असतं.)

प्रवासी : रक्तदाबाची एक गोळी आहे का हो?

शेजारी : आलात? या! सगळं जग पालथं घातलंत आणि दारात उभं राहून मागताय काय, तर गोळी?

प्रवासी : अहो, ४५ दिवसांचा प्रवास, ४५ गोळ्या मोजून नेल्या. रोज सकाळी एक. आज विमानात डबी उघडली तर ठणठणाट.

शेजारी : दुकानदारानं एक कमी दिली असणार.

प्रवासी : हिनं दोनदा मोजल्या होत्या.

शेजारी : वहिनींनी मोजल्या? मग प्रश्नच मिटला. पण मीही तुमच्या तुळशीला ४५च तांबे घातलेत. हे बघा, कॅलेंडरवर दुधाच्या फुल्यांशेजारी हिरव्या टिकल्या.

प्रवासी : दोघांचंही बरोबर आहे. आम्ही सारखे पूर्वेकडे गेलो. मुंबई, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, लंडन, परत मुंबई. दर १५ अंशांना घड्याळ १ तास पुढे. ३६० अंशांचे झाले २४ तास. तुम्ही ४५ सूर्योदय पाहिलेत, मी ४६.

शेजारी : त्याच तिकिटात?

प्रवासी : पण दिवस सरासरीनं थोडे आखूड.

शेजारी : म्हणजे चार पोळ्यांच्या कणकेत पाच लाटल्या.

प्रवासी : मॅगेलनच्या लोकांचं उलटं झालं. ते पश्चिमेकडे गेले. १५२२ साली परतताना केप व्हर्देला थांबले, तर जहाजावर बुधवार आणि किनाऱ्यावर गुरुवार! पिगाफेट्टा म्हणून एक जण होता, त्यानं रोजच्या रोज नोंद ठेवली होती, तरीही.

शेजारी : मग मॅगेलन काय म्हणाला?

प्रवासी : तो कुठला म्हणतोय? आदल्याच वर्षी फिलिपिन्समध्ये मारला गेला. जहाज स्पेनला आणलं एल्कानोनं. त्यावर १८ माणसं उरली होती.

शेजारी : राबला एक, नाव दुसऱ्याचं. आपलं गणपती मंडळच की!

प्रवासी : माझा जादा दिवस नेमका कुठे आला, ऐका. संकष्टीला! टोकियोत पहाटे सहापासून उपास. संध्याकाळी विमानात बसलो, पॅसिफिकवर ती तारखेची रेषा ओलांडली आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो, तर त्याच तारखेची सकाळ. पुन्हा संकष्टी!

शेजारी : वाटेत चंद्र उगवला असेल की.

प्रवासी : मला मधली सीट. खिडकीवाल्यानं झडप ओढून घेतली आणि घोरायला लागला. चंद्र बघायला माणसाला उठवायचं कसं? हवाईसुंदरीनं दोनदा ताट पुढे केलं. वरणभात होता हो त्यात, वाफ येत होती! मी दोनदा हात जोडले. शेवटी सॅन फ्रान्सिस्कोला रात्री नऊला चंद्र दिसला. हिशेब केला तर ३१ तास.

शेजारी : थांबा. (पंचांग काढतो. चष्मा कपाळावरून नाकावर.) तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे इकडचे?

प्रवासी : दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ.

शेजारी : चतुर्थी सातलाच संपली होती.

प्रवासी : म्हणजे?

शेजारी : तारीख त्या रेषेवर उडी मारते, तिथी नाही. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक. त्याला टोकियो काय आणि अमेरिका काय. तुम्ही उपास सोडलात तो पंचमीला.

प्रवासी : मग अमेरिकेतली संकष्टी?

शेजारी : ती आदल्या संध्याकाळीच उरकली. तुम्ही उतरायच्या आधी.

प्रवासी : (बॅगेवर बसत) वरणभात होता हो...

शेजारी : बसा, गोळी आणतो. आता खरंच लागेल.